साडेआठ बाय आठच्या खोलीतला आवाज

शहरातल्या मोठ्या रुग्णालयात कान तपासायची एक खोली होती आणि त्या खोलीत एकतीस वर्षं एकच माणूस बसत होता. खोलीच्या आत आणखी एक खोली, जाड दाराची, भिंतींना आतून मऊ अस्तर लावलेली. पेशंटला त्या आतल्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात वायरला लोंबणारं एक बटण द्यायचं आणि सांगायचं, “आवाज आला की बटण दाबा. कितीही बारीक आला तरी दाबा. नाही आला तर दाबू नका.” ही तीन वाक्यं त्यांनी इतक्या वेळा म्हटली होती, की झोपेत सुद्धा तीच म्हणतात असं त्यांची बायको सांगायची. पेशंट त्यांना बटणवाले म्हणत. पुढे डॉक्टरही म्हणायला लागले, आणि शेवटी रुग्णालयातल्या फोनच्या यादीत त्यांच्या नावापुढे कंसात तेच छापून आलं.

बटणवाले कामाला चोख आणि बोलण्यात कोरडे. तपासणी झाली की आलेखाचा कागद पेशंटच्या पुढ्यात ठेवायचे. उजव्या कानाचे लाल गोल, डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. गोल आणि फुल्या जितक्या खाली घसरलेल्या, तितकं ऐकू कमी. “हे असं आहे,” म्हणायचे आणि गप्प बसायचे. कुणी रडवेलं झालं तर पाण्याचा ग्लास पुढे करायचे, पण धीर वगैरे द्यायचे नाहीत. धीर देणं हे डॉक्टरांचं खातं, आपलं मोजण्याचं, असं त्यांचं मत होतं. एकाच प्रकारच्या पेशंटवर मात्र ते खवळायचे. आवाज नसताना बटण दाबणाऱ्यांवर. त्याला ते सरळ लबाडी म्हणत.

घरी त्यांना एकच शौक. गाणं ऐकायचा, आणि तोही नीट ऐकायचा. पुढच्या मोठ्या खोलीत कमरेएवढ्या उंचीचे दोन स्पीकर, मध्ये लाकडी कपाटावर अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्ड वाजवायचं यंत्र. वीस-बावीस वर्षांत एकेक वस्तू जमवत त्यांनी ही व्यवस्था उभी केली होती. रेकॉर्डवरची धूळ पुसायला वेगळा ब्रश, सुई पुसायला वेगळा. बायको म्हणायची, “ह्या सुईला जेवढं जपता तेवढं मला जपलं असतंत तर माझे गुडघे दुखले नसते.” त्यावर ते नुसते हसायचे.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मुलगा आणि सून घरी राहायला आले. त्यांचं भाड्याचं घर मालकाने विकायला काढलं होतं. सून शाळेत खेळाची शिक्षिका होती. उंच, दणकट, मोठ्या आवाजाची, गळ्यात कायम शिट्टी. पुढची खोली त्या दोघांना देणं ओघानंच आलं. कुणी काही बोलायच्या आधी बटणवाल्यांनीच सांगून टाकलं, “माझं सामान मी मागच्या खोलीत नेतो.”

मागची खोली म्हणजे इस्त्रीची खोली. इस्त्रीचं टेबल, एक लोखंडी कपाट, घडीची खाट, रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. मुलाने आणि त्यांनी मिळून ते कमरेएवढे स्पीकर आत आणले, लावले, आणि बटणवाल्यांनी आपली नेहमीची तारवाद्यांची रेकॉर्ड चढवली. पहिल्याच मिनिटाला खर्जाचा सूर आला आणि सगळी खोली ढोलासारखी घुमली. लोखंडी कपाटाचं दार थरथरलं. खिडकीची काच गुणगुणायला लागली. स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “पाण्याची मोटर सुरू झाली का हो?”

बटणवाल्यांनी रेकॉर्ड थांबवली आणि टेप घेऊन खोली मोजली. साडेआठ फूट बाय आठ फूट. त्यांनी कपाळाला हात लावला. आवाजासाठी खोली लहान असणं वाईटच. त्यातून ती जवळजवळ चौरस असणं म्हणजे दुखण्यात दुखणं. लांबी-रुंदी जवळपास सारखी असली की एकच खर्जाचा सूर चारही भिंतींमध्ये अडकतो, कोपऱ्यांत साचतो, आणि बाकीच्या सुरांना दाबून टाकतो. एवढ्या खोलीत एवढे स्पीकर ठेवणं म्हणजे कपाटात बसून तुतारी फुंकणं.

आठवडाभर ते कागदावर खोलीचे नकाशे काढत होते. मग पोस्टाच्या मागच्या गल्लीत गेले. तिथे त्यांच्या जुन्या मित्राचं दुकान होतं. मित्र म्हणजे दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात पंचवीस वर्षांत जेवढी मैत्री होते तेवढी. दुकानदार त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठा, गोल पोटाचा, गिऱ्हाईकाला कधीही घाई न करणारा. बटणवाले त्याला शेठ म्हणत, तो त्यांना साहेब म्हणे.

“शेठ, मला लहान व्हायचंय,” बटणवाल्यांनी नकाशा पुढे टाकला.

शेठनी नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. “ही खोली आहे की काडेपेटी?”

“काडेपेटीच म्हणा. पण मला तिच्यात नीट ऐकायचंय.”

दोघांनी तीन दुपारी त्यात घालवल्या. मोठे स्पीकर शेठनी परत घ्यायचे ठरले. त्यांच्या जागी वीतभर रुंदीचे, मागे भोक नसलेले बंद पेटीचे स्पीकर, म्हणजे भिंतीजवळ ठेवले तरी खर्ज फुगणार नाही. टेबलावर न ठेवता लोखंडी स्टँडवर, कानाच्या उंचीला. अ‍ॅम्प्लिफायरही नवा, हलका, लहान. “आवाज मोठा करायचा नाहीये, साफ करायचाय,” शेठ म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की त्यांनी ते दोनदा म्हटलं.

सामान घरी आल्यावर खरं काम सुरू झालं. बटणवाले खोलीच्या मधोमध उभे राहून टाळ्या वाजवायचे आणि कान टवकारून ऐकायचे. उघड्या भिंतींमध्ये टाळी फडफडत राहायची. इस्त्रीचे कपडे न्यायला आलेली बायको दारात थबकली.

“कुणासाठी वाजवताय टाळ्या?”

“भिंतीसाठी.”

“बरं,” ती म्हणाली आणि कपडे न घेताच परत गेली.

मागच्या भिंतीला त्यांनी पुस्तकांची मांडणी लावली आणि पुस्तकं मुद्दाम मागेपुढे ठेवली, म्हणजे आवाज एकाच दिशेने परतणार नाही. दोन कोपऱ्यांत जुन्या गाद्यांच्या वळकट्या उभ्या बांधल्या. लोखंडी कपाटाच्या दाराला आतून फेल्टच्या पट्ट्या चिकटवल्या. खुर्ची बरोबर मध्ये ठेवली तर खर्ज गायब होत होता आणि भिंतीला टेकवली तर उफाळत होता. त्यांनी ती बोट-बोटभर सरकवत अखेर एक जागा पक्की केली आणि चारही पायांभोवती जमिनीवर पेन्सिलने खुणा केल्या. त्यानंतर खुर्चीला हात लावायची कुणाची टाप नव्हती.

खर्ज ताब्यात आला. आता तो आपल्या जागी यायचा आणि आपल्या जागी थांबायचा. पण वरच्या सुरांचं काहीतरी बिनसलं होतं. व्हायोलिन वाजायचं, पण त्याच्यावर कुणीतरी झाकण ठेवल्यासारखं. गाणारी बाई गायची, पण तिच्या ओठांचा, श्वासाचा तो बारीक आवाज कुठेच नाही. बटणवाल्यांनी गाद्यांची एक वळकटी काढली. फरक नाही. स्पीकर खुर्चीकडे वळवून अगदी कानावर रोखले. थोडा फरक. शेवटी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायरवरचं चढ्या सुरांचं बटण फिरवलं, आणखी फिरवलं, अडेपर्यंत फिरवलं. तेव्हा कुठे व्हायोलिनला धार आली. ते समाधानाने मागे टेकले.

त्याच दुपारी सून शाळेतून आली आणि आपला गणवेश इस्त्री करायला त्या खोलीत शिरली. शिरली आणि तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

“बाबा! हे काय? सुया टोचतायत कानात!”

“सवय नाही तुला. मोकळा आवाज आहे तो.”

“मोकळा कसला, मोकाट आहे.” तिने मान वाकडी केली. “आणि ती शिट्टी कसली वाजतेय?”

“कुठली शिट्टी?”

“बारीक. सारखी. गाणं बंद करा बरं जरा.”

त्यांनी सुई उचलली. खोलीत शांतता झाली. निदान त्यांच्यासाठी झाली.

“ही काय,” सून म्हणाली. “अजून वाजतेय. ह्या डाव्या स्पीकरमधून.”

बटणवाल्यांनी डाव्या स्पीकरला कान लावला. मग उजव्याला लावला. काही नाही. “दिवसभर शिट्ट्या मारून तुझ्या डोक्यातच शिट्टी बसलीय,” ते म्हणाले. सून हसली, पण तिने मान हलवली. “नाही हो बाबा. खरंच वाजतेय.”

आता ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असती तर त्याने हो-हो म्हणून सोडून दिली असती. बटणवाल्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. कुणाला ऐकू येतं की नाही, हे भांडून ठरवायचं नसतं, तपासून ठरवायचं असतं, एवढंच तर त्यांनी आयुष्यभर केलं होतं. त्यांनी सुनेला खिडकीकडे तोंड करून उभं केलं. नव्या अ‍ॅम्प्लिफायरला स्पीकरच्या दोन जोड्या लावायची सोय होती. खटका एका बाजूला केला की आवाज ह्या स्पीकरमध्ये, दुसऱ्या बाजूला केला की कुठेच नाही. खटक्याचा टक् असा आवाज मात्र दोन्ही वेळा सारखाच.

“शिट्टी आली की हात वर कर. नाही आली तर करू नकोस.”

त्यांनी वीस वेळा खटका दाबला. मध्येच एकाच बाजूला दोनदा दाबून फसवून पाहिलं. एकदा नुसतेच थांबले, बराच वेळ. कागदावर ते टिंब आणि फुली मांडत गेले. सुनेचा हात वीसच्या वीस वेळा बरोबर वर गेला, बरोबर खाली आला.

“संपलं?” तिने विचारलं.

“संपलं.”

“मग? आहे ना शिट्टी?”

“आहे,” बटणवाले म्हणाले आणि कागद घडी करून खिशात घातला. मग ब्रश घेऊन ते सुई पुसायला लागले. सूनही इस्त्री तापायची वाट बघत उभी राहिली. ती मोठ्या आवाजाची असली तरी अडाणी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अ‍ॅम्प्लिफायर पिशवीत घालून शेठच्या दुकानात नेला. शेठनी तो दोन स्पीकरना जोडला, कान लावला, डोळे मिटले.

“ठणठणीत आहे, साहेब.”

“माझी सून म्हणते शिट्टी वाजतेय.”

“तुम्हाला ऐकू येतेय?”

“नाही. तुम्हाला?”

“मला पण नाही.”

दोन म्हातारी डोकी दोन बाजूंनी एका स्पीकरला टेकलेली, आणि दोघांनाही काही ऐकू येत नाही, अशी ती बैठक थोडा वेळ चालली. मग शेठ सरळ झाले, दाराबाहेर जाऊन शेजारच्या चष्म्याच्या दुकानाकडे पाहून त्यांनी हाक मारली. तिथली काउंटरवरची मुलगी आली. उंबऱ्यातच तिने नाक मुरडलं. “अय्या, किती कर्कश वाजतंय हे. काका, ह्यातलं काहीतरी बिघडलंय.”

“बरं बाळ,” शेठ म्हणाले, आणि ती गेली. ती इतक्या सहजपणे आली आणि गेली, की ते बटणवाल्यांच्या लक्षात आलं.

“ही नेहमी येते?”

शेठनी पेचकस हातात घेतला आणि झाकणाचे स्क्रू काढायला लागले. मान वर न करता म्हणाले, “तीन-चार वर्षं झाली. कुठलीही नवी वस्तू आली की आधी तिला ऐकवतो. गिऱ्हाईकाला कळत नाही. ते आपलं मला म्हणतं, शेठ, तुमचा कान म्हणजे कान.”

“आणि माझे स्पीकर? ते तुम्ही स्वतः ऐकून दिलेत ना?”

“तिनेच ऐकले. चांगले आहेत म्हणाली. वरचे सूर अगदी लख्ख.”

बटणवाले स्टुलावर बसले. वरचे सूर लख्ख. म्हणजे झाकण स्पीकरवर नव्हतं. शेठनी आतला एक भाग बदलून द्यायचं कबूल केलं, दोन दिवसांनी या म्हणाले, वयाप्रमाणे व्हायचंच असंही म्हणाले आणि एकटेच हसले.

तिथून ते घरी गेले नाहीत. दोन बस बदलून रुग्णालयात गेले.

कानाच्या खोलीत आता त्यांची जुनी मदतनीस मुख्य झाली होती. नोकरीला लागली तेव्हा तिला हेडफोनची लाल बाजू कुठल्या कानाला लावायची हेही ठाऊक नव्हतं. सगळं त्यांनीच शिकवलं होतं. ती चाळिशीला आली तरी ते तिला पोरी म्हणत आणि ती त्यांना सर.

“सर! आज इकडे कसे?”

“सहज. यंत्र कसं चाललंय बघावं म्हटलं.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. बाहेर बाकावर कुणी उरलं नव्हतं. “आत बसता का?” ती म्हणाली.

एकतीस वर्षांत ते आतल्या खोलीत हजारदा गेले होते, बल्ब बदलायला, खुर्ची पुसायला, घाबरलेल्या मुलांना बसवायला. पण दार बाहेरून लावलं गेलंय, काचेपलीकडे दुसरं कुणीतरी बसलंय आणि बटण आपल्या हातात आहे, हे पहिल्यांदाच. तिने सूचना दिली नाही. ती त्यांना पाठ होती. क्रमही पाठ होता, आधी मधले सूर, मग चढे, मग खालचे. किती सेकंदांनी पुढचा सूर येतो हेही. नुसत्या अंदाजाने आलेख काढून दाखवला असता त्यांनी.

पहिले काही सूर स्वच्छ आले. त्यांनी दाबलं. मग थोडं थांबणं. मग त्यांच्या हिशोबाप्रमाणे चढ्या सुराची वेळ झाली, आणि आला. अगदी बारीक, दूर, पण आला. त्यांनी दाबलं.

हेडफोनमध्ये तिचा आवाज आला. “सर, आता मी काहीच वाजवलं नव्हतं.”

त्यांनी काचेतून तिच्याकडे पाहिलं. ती यंत्राकडे बघत होती.

“मला ऐकू आला,” ते म्हणाले.

“हो. पण मी वाजवला नव्हता.”

लबाडी त्यांनी केली नव्हती, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सूर त्यांना ऐकू आला होता. जिथे यायला हवा तिथे, जसा यायला हवा तसा. ज्या माणसांवर ते खवळले होते, त्यांतला एक त्यांना आठवला. मालगाडीचा ड्रायव्हर होता. नोकरी कानावर अवलंबून होती. बटण पुन्हा पुन्हा दाबत होता आणि शपथेवर सांगत होता, येतोय साहेब, आवाज येतोय. बटणवाल्यांनी त्याला सुनावलं होतं, की इथे नाटकं चालत नाहीत. तो माणूस तेव्हा गप्प झाला होता. त्याचा चेहरा त्यांना आठवेना, फक्त बटण धरलेला जाड अंगठा आठवत होता.

यापुढे तिने क्रम बदलला. कधी दोन सेकंद थांबली, कधी वीस. बटणवाल्यांनी अंदाज करायचं सोडलं आणि येईल तेवढंच ऐकलं. बराच वेळ काहीच आलं नाही.

बाहेर आल्यावर तिने कागद पुढ्यात ठेवला. लाल गोल आणि निळ्या फुल्या मध्यापर्यंत सरळ रांगेत येऊन तिथून उतरणीला लागल्यासारख्या खाली गेल्या होत्या. दोन्ही कानांच्या. वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती.

“ही आजकालची उतरण नाही,” ते म्हणाले. “सात-आठ वर्षं तरी झाली असतील.”

तिने हेडफोन खुंटीला अडकवले.

“सात-आठ वर्षं म्हणजे मी इथे असतानाच. रोज सकाळी हेडफोन मीच तपासत होतो. रजिस्टरमध्ये सही करत होतो. ठीक म्हणून.”

“मी पुन्हा तपासत होते, सर,” ती म्हणाली. “तुम्ही चहाला गेलात की. शेवटची पाच वर्षं. एकदा उजव्या हेडफोनची वायर गेली होती, चढा सूर तुटत होता. तुम्ही ठीक लिहिलं होतंत. पहिला पेशंट यायच्या आत मी वायर बदलली.”

“आणि त्याआधी तपासलेले पेशंट?”

“आदल्या दिवशी चांगली होती. मी रोज बघत होते.”

“मला सांगितलं का नाहीस?”

“दोनदा सांगायला आले होते. एकदा तुम्ही म्हणालात, पोरी, हातात काम आहे, मग बोल. दुसऱ्यांदा मलाच धीर झाला नाही.”

ते उठले. तिने चहा सांगितला होता, तो यायच्या आत ते बाहेर पडले. जिन्यात त्यांना राग आला होता, आणि तो तिच्यावर आहे असं त्यांना वाटत होतं. बसस्टॉपपर्यंत पोचेपर्यंत ते वाटणं टिकलं नाही. त्यांनी समोर आलेली बस सोडून दिली, मागे वळून पुन्हा रुग्णालयाचे दोन मजले चढले आणि दारातून म्हणाले, “वायर बदललीस ते चांगलं केलंस.” चहा तोवर गार झाला होता. तो त्यांनी तसाच प्यायला.

घरी संध्याकाळी त्यांनी आलेख जेवणाच्या टेबलावर ठेवला, जसा पेशंटसमोर ठेवायचे तसा, आणि बायकोला, मुलाला आणि सुनेला सगळं सांगितलं. मुलगा म्हणाला, हल्ली कानाला लावायची फार चांगली यंत्रं मिळतात. सून म्हणाली, “मला शिट्टीचं बोलायलाच नको होतं.” बायको मात्र कागद हातात घेऊन बराच वेळ बघत बसली.

“म्हणजे मी स्वयंपाकघरातून हाक मारते ती तुम्हाला येत नाही?”

“हाक येते. शब्द कळत नाहीत.”

“आणि मला इतकी वर्षं वाटायचं तुम्ही मुद्दाम कानाडोळा करता! तुमच्या बहिणीकडे जायच्या दिवशी मी तीनदा सांगितलं होतं छत्री घ्या. दोन दिवस अबोला धरला होता मी.” ती खुर्चीत मागे टेकली. “म्हणजे मी उगाचच भांडले?”

“सगळ्या वेळी नाही,” बटणवाले म्हणाले. “काही वेळा ऐकू आलं होतं.”

सून इतकी मोठ्याने हसली, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

महिन्याभरात त्यांच्या दोन्ही कानांमागे यंत्रं बसली. जुन्या मदतनिशीनेच ती बसवून दिली. पहिला आठवडा वाईट गेला. नळ गर्जत होता, वर्तमानपत्र उलगडताना कौलं कोसळावीत तसं वाटत होतं, आणि आपल्या चपला इतकी वर्षं इतक्या घासत होत्या हे त्यांना लाजिरवाणं वाटलं. गाण्याचं तर सगळंच बिघडलं. यंत्रं बोलण्यासाठी बनवलेली. व्हायोलिन वर चढलं की ती गडबडायची, त्यालाच आपल्यातून निघालेली शिट्टी समजून दाबायला जायची, आणि सूर पाण्यातून आल्यासारखा डुगडुगायचा. बटणवाले तीनदा रुग्णालयात गेले. तिसऱ्या वेळी रेकॉर्डवरून टेप करून घेतलेलं व्हायोलिन बरोबर घेऊन गेले. दोघं अर्धा दिवस खपली आणि तिने यंत्रात गाण्यासाठी वेगळी सोय करून दिली, कमी ढवळाढवळ करणारी.

खोलीतही फेरफार झाले. स्पीकर त्यांनी पुन्हा थोडे बाहेर वळवले. काढलेली वळकटी परत कोपऱ्यात बांधली. चढ्या सुरांचं बटण कुठे ठेवायचं ते त्यांनी सुनेला ठरवायला सांगितलं. तिने खुर्चीत बसून, डोळे मिटून, हाताने खुणा करत ते फिरवून घेतलं आणि थांबवलं ते बरोबर मध्यावर, जिथे ते कारखान्यातून येताना होतं. आता रविवारी सकाळी खुर्चीत ती बसायला लागली होती. तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण ऐकायचं कसं ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. एका रेकॉर्डमध्ये मागे बारीक किणकिण आहे, ती कसली, असं तिने विचारलं. ती रेकॉर्ड बटणवाल्यांकडे अठरा वर्षं होती. त्यांनी यंत्रं नीट बसवून पुन्हा ऐकली. किणकिण होती. ह्याआधी ती आपल्याला कधी ऐकू आली होती का, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची यादी वाचली आणि सुनेला सांगितलं, “ट्रँगल म्हणतात त्याला. वाजवणाऱ्याचं नाव शेवटी दिलंय.”

शेठ एकदा खोली बघायला आले. पुस्तकं, वळकट्या, पेन्सिलच्या खुणा सगळं पाहिलं, खुर्चीत बसून एक बाजू पूर्ण ऐकली.

“खर्ज एकदम काबूत आहे,” म्हणाले. “वर जरा झाकण ठेवल्यासारखं वाटतं.”

बटणवाल्यांनी खिशातून एक कागद काढून त्यावर रुग्णालयातल्या कानाच्या खोलीचा फोन नंबर लिहून दिला. शेठनी कागद घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि विषय बदलला. पुढचे चार महिने तो कागद कुठे होता कुणास ठाऊक. मग चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला दुसरीकडे चांगली नोकरी लागली, आणि पुढच्याच सोमवारी शेठचा फोन आला, “साहेब, तुमच्याबरोबर यायचं म्हणतो.”

ते दोघं गेले. शेठ आत बसले तेव्हा बटणवाले बाहेर बाकावर थांबले. काचेजवळ जायचं त्यांनी टाळलं. शेठ बाहेर आले ते हातात कागद घेऊन, थोडे पडलेल्या चेहऱ्याने. बटणवाल्यांनी कागद पाहिला, परत दिला आणि विचारलं, “चहा?”

चहा झाल्यावर शेठना जरा तरतरी आली आणि ते म्हणाले, की काहीही म्हणा, तुमच्या खोलीतले स्टँड दोन इंच उंच हवेत. बटणवाले म्हणाले, बिलकूल नकोत. शेठ म्हणाले, आहेत तसे ठेवले तर आवाज छातीवर येतो. बटणवाले म्हणाले, तुम्ही खुर्चीत घसरून बसता म्हणून येतो. रुग्णालयाच्या फाटकापासून बसस्टॉपपर्यंत दोघांचं हेच चालू होतं. एकाच्या कानात यंत्रं होती आणि दुसऱ्याच्या अजून यायची होती, त्यामुळे दोघंही चांगलेच मोठ्याने बोलत होते, आणि रस्त्यावरची माणसं वळून बघत होती.